कागदावरचं नाव

रात्रीचे साडेदहा. ओरोन्त्सोंचे दात पेल्यात,
गोळ्या पोटात. खिडकीखाली बारीचं बंदर
एक जहाज सावकाश वळवून घेतंय.
मी स्वयंपाकघरात फोन उघडते.

एका युरोला दोन लारी एक्क्याण्णव.
सकाळी त्र्याण्णव होते.
दोन तेत्रींनी कुणी मरत नाही,
पण तीनशे युरोंवर त्यांच्या सहा लारी होतात,
आणि सहा लारींत कुताइसीला चार पाव यायचे,
मी निघाले तेव्हा.
आताचं ठाऊक नाही.

दूध तापत ठेवून उभं राहावं
तशी आकड्यापुढे उभी राहते.
नव्वद. एक्क्याण्णव. नव्वद.
उतू काही जात नाही.

पूर्वी स्टेशनमागे काचेची एक खिडकी होती.
‘हुंडणावळ शून्य’ अशी पाटी,
आणि दरातच हात मारायचा तो माणूस,
वर हसून चॉकलेट द्यायचा.
फोन हसत नाही. सरळ सांगतो:
आमचे एक युरो ऐंशी.
मला हे बरं वाटतं.
चॉकलेटं मात्र ताम्टासाठी ठेवायचे मी.
डबाभर साठली, मग पांढरी पडली.

पाठवले. ताम्टाच्या दातांना तारा बसवायच्यात.
तिचे दात वाकडे आलेत
हे मी पडद्यावरच पाहिलंय;
सोडून आले तेव्हा
पुढचे दोन पडलेले होते.

सकाळी: पैसे अडले. नाव जुळत नाही.
बहीण बँकेतून फोनवर ओरडतेय,
मीच मी आहे हे यांना सांग!

ओरोन्त्सो पावाचा तुकडा दुधात बुडवतात.
“इम्माकोलाता, किती पाठवलेस?”
(बायकोचं नाव. जाऊन नऊ वर्षं झाली.)
तीनशे.
“लिऱ्यांत किती?”
आणि स्वतःच गुणतात, मनातल्या मनात,
एकोणीसशे छत्तीस दशांश दोन सात.
मुलाचं नाव आठवत नाही, हे आठवतं.
“पाच लाख ऐंशी हजार! बाई, तू श्रीमंत आहेस.”
जगात हा एकच दर कधी थरथरत नाही.
मेलेल्या नाण्याला चढउतार नसतो.

मग एकदम, दुसऱ्याच आवाजात:
“घेणाऱ्याचं नाव काय लिहिलंस?”
दोदो.
“पाद्र्याने काय ठेवलं होतं?”
दारेजान.
“घरचं नाव खिडकीवर चालत नाही,”
आणि मूठ टेबलावर आपटतात, शिक्का मारावा तशी.
बशी उडते.

अडतीस वर्षं ते टपालाच्या दोन नंबर खिडकीत होते.
बेल्जियमच्या खाणींतून मनीऑर्डरी यायच्या.
नुत्सा नावाची एक बाई चार दिवस रोज आली.
कागदावर अनुन्त्सियाता, हातात दाखला नाही.
चारही दिवस यांनी तिला परत पाठवलं.
“नियम होता,” म्हणतात.
दुधात पाव विरघळून जातो.
“मावशी होती माझी. सख्खी.”

रद्द केले. परत आले. पुन्हा पाठवले,
ओळखपत्राच्या फोटोतून एकेक अक्षर उचलत,
दा, रे, जा, न.
तोवर दर एकोणनव्वद. आणखी सहा लारी
कुठे गेल्या?
कुणाच्याच खिशात नाहीत म्हणे. हवेत.

तिसऱ्या दिवशी ताम्टाचा फोटो येतो.
तारा बसल्या, असं खाली लिहिलंय.
ओठ घट्ट मिटलेले.

ओरोन्त्सो अजून रोज विचारतात,
“इम्माकोलाता, पोचले का गं पैसे?”
पोचले.
मी लामारा. पारपत्रावर, करारावर, फोनमध्ये लामारा.
पण या घरात माझं
हेच नाव वटतं.